तळाचं चार बोटं पाणी

आषाढ निम्मा सरला की नळाच्या पाण्याचा रंग बदलतो. आधी काही दिवस नुसतं धुरकट दिसतं, आणि मग एखाद्या सकाळी हंड्यात थेट चहाच पडायला लागतो. तलावात डोंगरावरची माती उतरते, ती आपल्या घरापर्यंत येते. यंदा ती सकाळ गेल्या मंगळवारी आली. माझ्या सुनेने, स्नेहलने, फिल्टरचं झाकण काढून आतली पांढरी कांडी मला दाखवली. तपकिरी आणि बुळबुळीत झाली होती.

"आई, रोज घासतेय हो. तरी थेंब थेंब पडतंय."

मी फडताळातून तुरटीचा खडा काढला आणि पितळेचा हंडा भिंतीशी ओढला. वाकून हंड्यात हात घातला, की कोपरापर्यंत गार पाणी चढतं आणि मातीचा वास येतो. त्या वासाबरोबर मला एक जुना पावसाळा आठवतो. दर वर्षी आठवतो. मी हात फिरवत राहते आणि कुणाशी बोलत नाही. घरात सगळ्यांना वाटतं, आई मनात फेरे मोजतेय.

लग्न होऊन मी गिरगावातून लालबागला आले त्याचा तो पहिला पावसाळा. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. चाळीच्या भिंतीवर हातभर उंचीची चुन्याची अक्षरं, 'झालाच पाहिजे'. पावसाने ती ओघळायची आणि उघडीप पडली की कुणीतरी पुन्हा गिरवायचं. गॅलरीत, जिन्यात, नळावर तोच विषय. मी ऐकायची. मला चार माणसांत बोलायला जमत नसे, आजही जमत नाही. पण त्या पावसाळ्यात मी चार माणसांसमोर एक वाक्य बोलले. आपणहून बोलले, कुणी विचारलंही नव्हतं. आणि त्या वाक्याने एका बाईचा, जिने मला हातात हात धरून शिकवलं होतं, तिचा मी सगळ्यांदेखत अपमान केला.

गिरगावात आई पाणी उकळायची. मला तेवढंच माहीत. पण उकळलेलं गढूळ पाणी गढूळच राहतं, ते सासरी आल्यावर कळलं. फडकं चौपदरी करून गाळलं तरी माती इतकी बारीक, की फडक्यातून सरळ पार. पेल्याच्या तळाशी साय धरावी तसा गाळ धरायचा. सासूबाई मालवणकडच्या. पेला उजेडात धरून म्हणायच्या, "गिरगावात पाणी गाळूक शिकवणत नाय काय गो?" त्या हसून म्हणायच्या, पण मला ते दिवसभर टोचायचं.

चाळीचा नळ पुढच्या अंगणात होता. पाणी आलं की भांड्यांची रांग लागे, आणि माझी कळशी कुणीही पायाने मागे सरकवावी अशी स्थिती. "अगं तुझं तीन माणसांचं, थांब की जरा." मी थांबायची. माझी पाळी यायची तेव्हा धार करंगळीएवढी झालेली असे. मागच्या बाजूला दुसरी बैठी चाळ होती. तिथला नळ सखल जागेत, त्यामुळे त्याला पाणी जास्त वेळ टिके. त्या चाळीतल्या लोकांनी आदल्या साली दीक्षा घेतली होती. देवांच्या फळ्या रिकाम्या करून तिथे बुद्धाची एकेक तसबीर लावली होती. आमच्या गॅलरीत मात्र त्यांच्यासाठी जुनाच शब्द वापरला जाई, आवाज खाली करून. त्या नळावर जाऊ नकोस असं मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरज नसते, आल्या आल्या आपोआप कळतं. तरी एके दिवशी दुपारी, सगळी चाळ झोपलेली असताना, मी कळशी घेऊन मागे गेले.

तिथे अनसाबाई होत्या. मिलच्या रिळिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या कामाला. पहिली पाळी करून आलेल्या, केसांत अजून कापसाचे तंतू. वय माझ्या आईएवढं. त्यांनी माझ्या कळशीत डोकावून पाहिलं.

"हेच पितासा व्हय?"

"गाळून."

"गाळून काय व्हतंय? माती काय भात हाय, वर राहायला?"

मी हसले. सासरी आल्यापासून परक्या माणसासमोर मी पहिल्यांदा हसले असेन. त्या मला दारात घेऊन गेल्या. आत कोपऱ्यात हंडा होता, वर स्वच्छ थाळी. थाळी उचलली तर तळाचा पितळी ठिपकान् ठिपका दिसत होता. मी पाहतच राहिले. एवढ्या पावसात, याच नळाचं पाणी!

त्यांचा नवरा मिलच्या रंगखात्यात होता. रंग पक्का बसावा म्हणून तिथे तुरटी वापरतात, त्यामुळे त्याला तिची पारख. बाजारातून तो काचेसारखा आरपार दिसणारा खडा निवडून आणायचा. अनसाबाईंनी तो माझ्या हातात दिला, माझा हात आपल्या हातात धरला आणि पाण्यात बुडवला. मी गरागरा फिरवायला लागले.

"अगं पोरी, दही घुसळतीस का? आधी चार फेरं जोरात. आता बास. आता हळू. निजलेल्या लेकराच्या पाठीवरनं हात फिरवतीस तसा."

मी हळू फिरवला. पाणी पहिल्याहून गढूळ दिसायला लागलं.

"बिघडलं," मी म्हणाले.

"थांब गं. सूनबाईला लई घाई."

मग हळूहळू पाण्यात बारीक पुंजके दिसायला लागले. एक दुसऱ्याला चिकटतोय, दोघे मिळून तिसऱ्याला. "आमच्या खात्यात कापूस उडतो ना, तस्साच," त्या म्हणाल्या. "एकटा कण खाली बसत न्हाई. हलका असतो. धा मिळाले की जड व्हत्यात, मग बसत्यात." त्यांनी खडा बाहेर काढायला लावला. जास्त वेळ राहिला तर पाणी तोंडाला ओढ धरतं, दात आंबतात, आणि काही वेळा ते निवळतही नाही. खडा कधी काढायचा, यातच सगळी खुबी. मग थाळी झाकायची आणि हंड्याला हात लावायचा नाही. तासाभराने वरचं पाणी ओगराळ्याने अलगद काढायचं, फडक्यातून गाळायचं, आणि तळाचं चार बोटं पाणी तसंच सोडायचं. "त्याचा लोभ धरायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "तिथवर गेलीस की सगळं पुन्यांदा वर आलं."

त्यांनी खडा बत्त्याने फोडून निम्मा मला दिला. मी तो पदराच्या टोकाला बांधून आणला. सासूबाईंना सांगितलं, वाण्याकडून आणला.

आमचं घर पहिल्या मजल्यावर, जमीन फळ्यांची. शेजारी कुणी धावलं तरी आमच्या हंड्यातलं पाणी थरथरायचं आणि बसत आलेला गाळ उठायचा. ती युक्तीही अनसाबाईंनीच सांगितली: फळ्यांखालून तुळई गेलीय तिथे, भिंतीला लागून हंडा ठेव, तिथे हादरा कमी. मी पायाने दाबून दाबून तुळई शोधली. आणि त्या दिवशी संध्याकाळी यजमान पेला उंच धरून म्हणाले, "अरे वा, गिरगावचं पाणी!" सासूबाईंनीही पेला उजेडात धरला, सगळा प्यायल्या, आणि दुसऱ्या दिवशी गॅलरीत सगळ्यांना सांगितलं, आमची सून पाणी बरा करता. त्या एका वाक्याने मी त्या घरातली झाले. खरंच सांगते. त्याआधी मी पाहुणी होते.

मग मी अधूनमधून दुपारी मागे जाऊ लागले. एकांतात मी त्यांना मावशी म्हणायची. त्या आमच्या अंगणातून मिलला जायच्या तेव्हा मात्र मी गॅलरीत असले तर खाली बघायची नाही, कपडे झटकत राहायची. त्याही वर बघत नसत. मला वाटायचं, आमचं ठरलेलंच आहे. आता वाटतं, ठरवलं मी एकटीने होतं, आणि त्यांनी ते सांभाळून घेतलं होतं.

श्रावणात एक दिवस आमच्या रस्त्याने मोर्चा जायचा होता. त्या दिवशी मिल बंद. पाऊस थांबून ऊन असं पडलं होतं, की डांबरातून वाफ निघत होती. चाळीतल्या बायकांनी दरवाजाशी बाकडं टाकून पाण्याची सोय करायचं ठरवलं. पुढारीण खालच्या मजल्यावरची परबीण. तिने आदल्या दिवशीच फर्मान काढलं होतं: "लोक लांबून चालत येणार. त्यांना चिखल पाजायचा नाही. वरच्या सूनबाई, पाण्याचं तुम्ही बघा." मला काय आनंद झाला! पहिल्यांदाच कुणीतरी मला काम सोपवलं होतं. मी पहाटे उठून चार घरांचे हंडे निवळले.

बाकड्यावर हंडे मांडून होतात तोवर अनसाबाई आल्या. स्वच्छ हिरवं लुगडं, डोक्यावर एक कळशी, कमरेवर एक. कुणी बोलावलं नव्हतं. पण रस्ताभर भोंग्यातून सकाळपासून एकच सांगणं चालू होतं, सगळ्यांनी या, जात नाही, पात नाही, मराठी माणूस एक. त्या आल्या. दोन्ही कळशा माझ्या हंड्यांच्या शेजारी ठेवल्या आणि पदराने कपाळ पुसलं. मी पाण्यात बघितलं. माझ्यापेक्षा स्वच्छ होतं. सूर्य तळापर्यंत जात होता.

परबीण थबकली. "हे पाणी कुणाचं?" तिला दिसत होतं कुणाचं ते. सगळ्यांनाच दिसत होतं. बाकड्याभोवती सहा-सात बायका होत्या. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. लांबून घोषणा ऐकू यायला लागल्या होत्या. मला वाटलं, आता परबीण तो जुना शब्द उच्चारणार. तोंडावर. मावशींच्या तोंडावर. आणि त्याच्या मागोमाग मला दुसरी भीती वाटली, की मावशी माझ्याकडे बघून म्हणतील, हिला विचारा की माझं पाणी कसं असतं ते.

आणि मी बोलले. "त्यात तुरटी जास्त पडलीय. तुरट लागतं ते."

मी चवही घेतली नव्हती.

परबिणीचा चेहरा लगेच सैल झाला. "मग नको गो बाई. लोकांची पोटं बिघडायची." "हो ना, उगाच बोल लागायचा," दुसरी म्हणाली. सगळ्यांना हवी होती ती पळवाट मी दिली होती, आणि ती इतकी सभ्य होती, की कुणाला लाजायचं कारणच उरलं नाही.

मावशींनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नवा पेला हातात घेऊन माणूस तडा शोधतो, तसं पाहिलं. मग त्यांनी आपल्याच कळशीतून पेला भरला, सगळ्यांसमोर तो पूर्ण प्यायल्या, आणि म्हणाल्या, "हां. पडली आसंल जास्त."

त्यांनी मला खोटं पाडलं नाही. एक शब्द बोलल्या असत्या तर माझी दुपारची सगळी कळशी-प्रकरणं बाहेर आली असती. त्यांनी माझं खोटं आपल्या अंगावर घेतलं, दोन्ही कळशा उचलल्या आणि रस्ता ओलांडून समोरच्या पदपथावर जाऊन उभ्या राहिल्या.

मोर्चा आला. माणसांचा नुसता पूर. आमचे हंडे बघता बघता संपले. माझ्या हातात रिकामं ओगराळं, आणि लोक समोर धावत होते. मावशी ओंजळीत धार धरत होत्या आणि तहानलेली माणसं वाकून पीत होती. कुणी विचारलं नाही, पाणी कुणाचं. त्या गर्दीत मला आमचे यजमानही दिसले. डोक्यावरची टोपी काखेत मारून, ओंजळ करून, डोळे मिटून पीत होते.

संध्याकाळी जेवताना ते म्हणाले, "आपल्या बाकड्यावरचं पाणी मिळालंच नाही. पण समोर एक बाई देत होत्या, काय गोड पाणी होतं!" सासूबाईंनी त्यांच्या पानात भात वाढला. मी चुलीकडे तोंड करून बसले.

पुढे पंधरा दिवस मी मागच्या नळावर गेले नाही. माझा खडा झिजत झिजत चिंचोक्याएवढा झाला. वाण्याकडे तुरटी मिळत होती, पण ती पांढरी, भुसभुशीत. मग एका दुपारी गेले. काय बोलायचं ते जिन्यात तीन वेळा जुळवलं होतं. मावशी नळावर होत्या, त्यांच्या चाळीतल्या दोघी-तिघीही होत्या. मी म्हणाले, "मावशी." चारचौघांत प्रथमच. पुढचं जुळवलेलं जिन्यातच राहिलं.

"खडा संपला आसंल तुझा," त्या म्हणाल्या. आत गेल्या, बत्त्याचा आवाज आला, आणि बाहेर येऊन त्यांनी निम्मा खडा माझ्या हातावर ठेवला. "जपून फिरव हं सूनबाई. जास्त पडली की पानी तुरट लागतं म्हनं." बाकीच्या खळखळून हसल्या. त्यांना सगळं ठाऊक होतं. मावशीही हसल्या. ते हसणं टोमण्याचं होतं, की मला मोकळं करायचं, ते मला तेव्हा कळलं नाही आणि आजही सांगता येत नाही. मी मान खाली घालून परत आले. त्या निम्म्या खड्याने आम्ही उरलेला सगळा पावसाळा स्वच्छ पाणी प्यायलो.

मग माझं बाळंतपण आलं, मी गिरगावला गेले, आणि वर्षं सरली. मी स्वतःला सांगत राहिले, की एखाद्या चांगल्या दिवशी जाऊन सांगेन. राज्य झालं त्या मे महिन्यात सगळी चाळ पेढे वाटत होती. परबीण नाचली. मी मुलाला कडेवर घेतलं, वाटीत पेढे घेतले आणि मागच्या चाळीत गेले, दिवसाउजेडी, सगळ्यांदेखत. मावशींच्या दारात दुसरीच बाई उभी होती. "त्या गेल्या की गं. होळीच्या आधीच. नवऱ्याला कुठं तरी दुसरीकडं काम लागलं." कुठे ते तिला माहीत नव्हतं. मी पेढे तिला दिले. काय करणार? हातात होते.

सासूबाई शेवटच्या आजारात माझ्या हातून घोट घोट पाणी घ्यायच्या. एकदा पेला बाजूला सारून म्हणाल्या, "तुरटी तू खयसून हाडीस ता माका म्हायत होता."

मी पेला खाली ठेवला. "मग बोलला नाहीत ते?"

"कशाक बोलू? पाणी बरा होता."

मला त्या रात्री काही सुचेना. म्हणजे ज्यांच्या भीतीने मी बोलले, त्यांना तुरटी कुठून येते ते माहीत होतं. त्या जाणूनबुजून प्यायल्या होत्या. बाकड्यापाशी त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि त्याही गप्प राहिल्या होत्या, पण निदान त्या खोटं बोलल्या नाहीत. कदाचित मी थांबले असते तर त्याच काही म्हणाल्या असत्या. कदाचित नसत्याही. परबीण तो शब्द उच्चारायची ती उच्चारली असती, आणि मावशींनी तिला काय ते उत्तर दिलं असतं. त्या मुक्या नव्हत्या. मुकी मी होते, आणि नेमकी मीच बोलले. मी स्वतःला कितीदा समजावलं, की मी त्यांना त्या शब्दापासून वाचवलं. पण मी वाचवलं ते मला. त्यांना माणसांनी नाकारलं असतं, तर ती माणसांची लाज होती. मी त्यांच्या हातालाच नाव ठेवलं. ज्या हाताने माझा हात धरला होता, त्याला.

आणि याहून वाईट म्हणजे, पुढे इतकी वर्षं कुणी विचारलं, हे कुठे शिकलात, की मी म्हणत आले, सासूबाईंनी शिकवलं. सोपं होतं. पुढचा प्रश्न येत नसे.

आज सकाळी समोरच्या खोलीत नवीन राहायला आलेली मुलगी रिकामा जग घेऊन आली. त्यांचा फिल्टरही तुंबलाय. आमचं पाणी बघून तिने डोळे मोठे केले. "काकू, कसं काय हो एवढं स्वच्छ?"

स्नेहल कौतुकाने म्हणाली, "आमच्या आजेसासूबाईंची पद्धत. आई अगदी तश्शीच करतात."

मी ओगराळं हंड्यात घातलं होतं. फडक्यातून पाणी गळत होतं. मी ऐकलं, आणि नेहमीसारखं सोडून देणार होते. पण मावशींची ती दोन भांडी डोळ्यांपुढे आली, बाकड्यावर, सूर्य तळापर्यंत गेलेली.

"सासूबाईंची नाही," मी म्हणाले. "अनसामावशींची. मागच्या चाळीतल्या. त्यांनी मला शिकवलं."

"कोण अनसामावशी?" स्नेहलने विचारलं. "तुम्ही कधी बोलला नाहीत."

"त्यांच्या पाण्यात तुरटी जास्त पडली नव्हती. बरोबर होती. मी चव न घेता बोलले."

त्या पोरीला वाटलं असेल, म्हातारी काहीतरी दुसरंच बोलतेय. ती म्हणाली, "अच्छा," आणि जग पुढे केला. मी तो भरून दिला. तळाचं चार बोटं पाणी हंड्यात तसंच राहिलं.

स्नेहलला मी दुपारी सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती. पण जिने ऐकायचं ती तिथे नव्हती, आणि आता कुठेच नसेल. जिवंत असती तर नव्वदीला आली असती. मी मात्र सारखी एकच गोष्ट मोजत होते. 'त्यांनी मला शिकवलं' हे म्हणायला आज किती वेळ लागला? एक ओगराळं पाणी फडक्यातून खाली उतरेपर्यंत. त्या दिवशी बाकड्यापाशीही तेवढाच लागला असता.